टँकरची वही

श्रोतेहो, नमस्कार.

तुरीची डाळ ज्या पाण्यात शिजत नाही ते पाणी कसं असतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. हंड्याला आतून पांढरं पुट चढतं, डोक्यावरून घेतलं तर केस राठ होतात. मी नोकरीभर हेच पाणी मोजलं. विहिरीत टेप सोडायची, पातळी लिहायची, बाटली भरायची आणि पुढचं गाव गाठायचं. निवृत्त झालो, पण विहीर दिसली की वाकून बघायची सवय काही सुटली नाही.

आजचा विषय पर्यावरण अहवालाचा. आसवनी म्हणजे मद्यार्क गाळायचा कारखाना, खाण किंवा दुसरा मोठा कारखाना उभा राहण्याआधी तिथल्या हवा-पाण्याचं, मातीचं, माणसांचं काय होईल हे लिहून द्यावं लागतं. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ही पद्धत ठरवली. आता नीट ऐका. हा अहवाल सरकार लिहीत नाही. प्रकल्पवाला सल्लागार संस्था नेमतो आणि तिची फीही तोच देतो. संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता लागते. अहवाल तपासायला राज्यात तज्ज्ञ समिती असते, मोठ्या प्रकल्पांना दिल्लीत. म्हणजे लिहिणारा बाहेरचा, तपासणारं सरकार. अहवाल कुणी का लिहिलेला असेना, तपासणं सरकारचंच काम.

आता मांजरेच्या खोऱ्यातली एक गोष्ट सांगतो. २०१६ चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. नेमक्या त्याच उन्हाळ्यात एका आसवनीच्या अहवालासाठी आसपासच्या गावांतून पाण्याचे नमुने घेतले गेले. पुढच्या जानेवारीत जनसुनावणी झाली, म्हणजे प्रकल्पावर गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक. मांडव टाकलेला, मंचावर अपर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळाचे अधिकारी. बायका अर्थातच सगळ्यात मागं, आणि माइक सगळ्यात पुढं. माझं तर म्हणणं आहे, जनसुनावणीत पहिला माइक बायकांच्या बाजूला द्यावा. पाणी भरतं कोण?

तर सल्लागार संस्थेचा एक तरुण मुलगा पडद्यावर तक्ते दाखवत होता. एका गावाचा सार्वजनिक आड, तारीख २२ एप्रिल, पाण्याची पातळी जमिनीखाली साडेचार मीटर, कठीणपणा, म्हणजे डाळ शिजू न देणारे क्षार, लिटरला ९६ मिलीग्रॅम. मी खुर्चीत सावरून बसलो. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी, तेही ऐन एप्रिलात, इतकं हलकं? आणि पंधरा फुटांवर? पुढच्या पानावर निष्कर्ष होता की उन्हाळ्यातही भूजल पुरेसं आहे, सबब प्रकल्पाला सहा बोअर घ्यायला हरकत नाही.

मी हात वर करणार, तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात काठी. म्हणाल्या, "सायब, त्यो आड माझ्या दारात हाय. होळीपसून त्यात टिपूस नव्हता."

तो मुलगा म्हणाला, "आजी, मी स्वतः पाणी काढलंय त्यातून. फोटो आहे."

"काढलं असंल की, लेकरा. सकाळी टँकर त्याच्यातच वततो ना! आडात नव्हतं, म्हणून तर बाहेरून आणून वतलं. तू पोहरा टाकला आन् तलावाचं पाणी घेऊन गेलास."

मांडव एकदम गप्प झाला.

आपल्याकडं टँकर आडात किंवा विहिरीत रिकामा करतात आणि मग सगळं गाव शेंदून घेतं, हे तुम्ही-आम्ही जाणतो. अरुंद आड तो, एका टँकरनं निम्मा भरायचा. शहरातून आलेल्या मुलाला हे कसं ठाऊक असणार? मुलगा खोटारडा नव्हता, त्यानं मोजलं ते खरंच मोजलं. प्रयोगशाळेचा आकडाही खरा होता. फक्त पाणी त्या गावचं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "आजी, पुरावा काय?"

आजी म्हणाल्या, "टँकरची वही बघा की. माझा अंगठा हाय तिच्यात."

ग्रामसेवक मोटारसायकलवर गेला आणि वही घेऊन आला. कडा मुडपलेली, पाण्याच्या डागांची. २२ एप्रिल, दोन खेपा, लिटर, ड्रायव्हरची सही आणि शेजारी निळ्या शाईतला अंगठा. साहेबांनी ती नोंद इतिवृत्तात घ्यायला लावली. पुढं समितीनं नव्यानं नमुने मागवले.

आड म्हणताना आठवलं. गावोगावी आड बुजवतायत, कचरा टाकतायत, वर स्लॅब घालतायत. माझा याला ठाम विरोध आहे. आड म्हणजे गावाचा डोळा, वाकलं की पाणी किती राहिलं ते दिसतं. आठशे फुटांच्या बोअरमध्ये काय दिसणार? आड उपसा, गाळ काढा, पण बुजवू नका.

असो. ती वही सरकारचीच होती, बरं का. टँकर सरकारचा आणि नोंदही सरकारचीच. अहवाल हाती आला तेव्हा एका कार्यालयानं दुसऱ्या कार्यालयाला फोन केला असता, तर आजींना उठावं लागलं नसतं. रत्नागिरीच्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर उचललेला निघाला, कोकणात थंड मुलखातल्या स्प्रूस आणि बर्च झाडांची जंगलं! गोव्याच्या मोपा विमानतळाच्या अहवालातल्या त्रुटींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बोट ठेवलं आणि पर्यावरण मंजुरी स्थगित करून समितीला पुन्हा विचार करायला लावला. जाणूनबुजून माहिती दडवली किंवा खोटी दिली, तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द करता येते, हे त्याच २००६ च्या अधिसूचनेत आहे. पण आधी कुणी तपासलं तर. म्हणून पुन्हा सांगतो, अहवाल कुणी का लिहिलेला असेना, तपासणं सरकारचंच काम. आणि ते टेबलावर बसून होत नाही, विहिरीवर जावं लागतं.

तुमच्या भागात जनसुनावणी लागली, तर किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो. तो मागा. त्यात विहिरींचा तक्ता शोधा, आपल्या गावासमोरची तारीख वाचा, आणि ग्रामपंचायतीत जाऊन त्या दिवशीची टँकरची वही काढायला सांगा.

नमस्कार.