रास्पबेरी पायवर रिस्क ओएस

हा एटीएम कार्डाएवढा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय ३, एक अख्खा स्वस्त कॉम्प्युटर. यावर बहुतेक जण लिनक्स टाकतात आणि ते योग्यच आहे, पण आत्ता यात जे एसडी कार्ड आहे त्यावर लिनक्स नाहीये. पॉवर दिली, एक छोटा बॅनर आला, आणि हा बघा, काही सेकंदांत डेस्कटॉप हजर. ही रिस्क ओएस, लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम. हिचं पहिलं रूप १९८७ साली बाजारात आलं, आणि ज्या चिपसाठी ती लिहिली गेली त्याच घराण्यातली चिप आज तुमच्या मोबाईलमध्ये बसलेली आहे.

गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजची. तिथे एकॉर्न नावाची कंपनी होती, १९८१ च्या शेवटी तिने बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर काढला आणि तो ब्रिटनच्या शाळाशाळांत पोचला. आपल्याकडेही आला बरं का, १९८४ च्या सुमारास शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा क्लास नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला त्यात हेच मशीन होतं. पुढच्या मशीनसाठी मात्र बाजारातले प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुख्य चिप, एकॉर्नच्या लोकांना पसंत पडेनात, म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच एक बनवायला घेतला. विल्सननी त्याचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांचा संच, रचला, फर्बरनी आतली मांडणी केली, चिप हातात यायच्या आधी तिचं मॉडेल बीबीसी मायक्रोवरच्या बीबीसी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून तपासलं, आणि २६ एप्रिल १९८५ ला पहिली एआरएम चिप बोर्डवर बसली आणि चालली. ट्रान्झिस्टर किती, तर साधारण २५ हजार. करंट किती घेते बघायला मीटर लावला तर आकडा शून्य! बोर्डवरून चिपला पॉवर जातच नव्हती, बाकीच्या पिनांमधून जो थोडासा करंट झिरपत होता तेवढ्यावरच ती चालू होती. फर्बर यांनी हा किस्सा बऱ्याच ठिकाणी सांगितलाय. स्वस्त प्लास्टिकच्या पॅकेजमध्ये बसवायची म्हणून कमी तापणारी चिप त्यांना हवीच होती, पण ती इतकी कमी वीज खाईल याचा अंदाज त्यांनाही नव्हता.

या चिपवरचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे १९८७ चा आर्किमिडीज. त्याच्यासाठी एक मोठी सिस्टीम बनत होती, ती वेळेत होईना, मग घाईघाईत आर्थर नावाची दुसरी सिस्टीम तयार केली आणि त्यातूनच पुढे दोनेक वर्षांत रिस्क ओएस आली. एकॉर्न १९९० च्या दशकाच्या शेवटी मोडीत निघाली, एआरएम ही तिच्यातूनच निघालेली वेगळी कंपनी जगभर पसरली, आणि रिस्क ओएस मात्र मूठभर लोकांनी हातोहात जपली. २००६ पासून रिस्क ओएस ओपन ही छोटी कंपनी आणि स्वयंसेवक तिचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, सांभाळतायत, आणि २०१८ पासून तो अपाची लायसन्सखाली सगळ्यांना वापरायला आणि बदलायला खुला आहे.

मग २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला. तोही केंब्रिजचाच, आणि त्याची मॉडेल ए, मॉडेल बी ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिस्क ओएस पायवर आली. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, ज्या गावात ही चिप आणि ही सिस्टीम जन्मली त्याच गावातला हा स्वस्त बोर्ड, आणि त्यावर ती कुठल्याही इम्युलेटरशिवाय, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय, थेट चालते.

आता वापरून बघू. माऊसला तीन बटणं लागतात आणि तिन्हींना काम आहे. डावं सिलेक्ट, मधलं मेनू, उजवं अ‍ॅडजस्ट. विंडोच्या वर मेनूची पट्टीच नसते, मधलं बटण दाबलं की पॉइंटर असेल तिथेच मेनू उघडतो. फाइल सेव्ह करायची असेल तर मेनूमध्ये सेव्हवर जायचं, बाजूला एक छोटी चौकट येते, तिच्यात फाइलचं नाव आणि फाइलचं चित्र, ते चित्र धरायचं आणि ज्या फोल्डरच्या खिडकीत हवं तिथे नेऊन सोडायचं. झालं सेव्ह. आणि तेच चित्र फोल्डरऐवजी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत सोडलं तर तो मजकूर डिस्कवर सेव्ह न होता थेट त्या प्रोग्रॅममध्ये जातो. उजव्या बटणाचं आणखी मजेशीर, स्क्रोलच्या बाणावर उजवं बटण दाबलं तर पान उलट्या दिशेने सरकतं, म्हणजे वरखाली करायला हात हलवायलाच नको. दोन दिवस चुकल्यासारखं होतं, नंतर बाकीच्या सिस्टीमवर गेलं की हात तेच शोधायला लागतो.

प्रोग्रॅम इन्स्टॉल करणं हा प्रकारच नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येक अ‍ॅप म्हणजे नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असलेला एक फोल्डर. पेनड्राइव्हवरून ओढून आणला की चालू, नको असेल तर डिलीट केला की गेला. शिफ्ट धरून डबलक्लिक केलं तर तोच फोल्डर उघडतो आणि आतलं सगळं दिसतं, आयकॉन, मेनूतले शब्द, सुरू होताना चालणारी छोटी स्क्रिप्ट. काही लपवलेलं नाही. आणि एफ१२ दाबा, खाली स्टारचा (*) प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा येते, बेसिक टाइप करा, की तुम्ही थेट बीबीसी बेसिकमध्ये. चौकोनी कंसात एआरएमची असेंब्ली, म्हणजे थेट चिपच्या आज्ञांची भाषा, लिहायची सोय त्यात आहे, वेगळं टूल नको, कंपायलर नको. प्रोसेसर आतून कसा चालतो हे शिकायचं असेल तर याहून सरळ रस्ता मी तरी पाहिलेला नाही, कारण लिहिलेल्या ओळीच्या आणि चिपच्या मध्ये फारसं काही उभंच नसतं.

पण याच गोष्टीची किंमतही आहे, तीही सांगितली पाहिजे. इथे मल्टिटास्किंग सहकारावर चालतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमने आपलं काम झालं की स्वतःहून दुसऱ्याला वेळ द्यायचा, आणि एखादा अडून बसला की सगळा डेस्कटॉप अडतो. पायच्या प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, असले तरी ही एकच वापरते. वेगवेगळे युजर, पासवर्ड वगैरे नाही. बोर्डवरचं वायफाय चालायला २०२४ ची ५.३० आवृत्ती यावी लागली, तोपर्यंत नेटवर्कची केबल लावा नाहीतर काहीतरी जुगाड करा. ब्राउझर म्हणाल तर नेटसर्फ, जो मुळात याच सिस्टीमवर जन्मला, साधी पानं झटकन उघडतो पण आजच्या जड साइट त्याला झेपत नाहीत, बँकेचं काम यावर करायला जाऊ नका. आणि आपल्या मनाला सगळ्यात लागणारी गोष्ट, देवनागरी. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवणारे फॉन्ट या सिस्टीमकडे इतरांच्या कितीतरी आधी होते, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या आपल्या जागी नीट बसवायची सोय तिच्यात नाही, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की काम अडतं. प्रोग्रॅमिंग येणाऱ्या कुणा मराठी माणसाने हे मनावर घेतलं तर सोर्स समोर आहे.

आता खरी अडचण. रिस्क ओएस ३२ बिटची, म्हणजे एआरएमच्या जुन्या पद्धतीच्या आज्ञांवर चालणारी आहे (नव्या चिप ६४ बिटच्या) आणि तिचा मोठा भाग हाताने असेंब्लीत लिहिलेला आहे, म्हणून ती एवढी चपळ. पण पाय ५ मध्ये कॉर्टेक्स-ए७६ प्रोसेसर आहे, त्यात ३२ बिटचा कोड फक्त साध्या प्रोग्रॅमच्या पातळीवर चालतो, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर नाही. म्हणजे ज्या घराण्यासाठी ती लिहिली त्याच घराण्यातल्या नव्या चिपवर ती थेट चालत नाही! सगळी असेंब्ली नव्याने लिहायची तर ते आयुष्यभराचं काम, आणि हात मोजके. काही जण ती लिनक्सच्या वर चालवायच्या मागे आहेत, रिस्क ओएस ओपनने ६४ बिटसाठी मोहीम काढलीय, आणि ठरावीक कामांसाठी लोक वर्गणी काढतात, ती रक्कम काम पूर्ण करणाऱ्याला मिळते. मला वाटतं हे व्हायला हवं, कारण पाय ४ मिळतोय तोपर्यंत ठीक आहे, त्यानंतर सिस्टीम जुन्या बोर्डांवरच अडकून पडेल.

तोपर्यंत कपाटात जुना पाय पडला असेल, अगदी पहिलावहिला असला तरी चालेल, झिरो असेल, २, ३, ४ असेल, तर रिस्क ओएस ओपनच्या साइटवरून इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी लिहायची फाइल, घ्या, फुकट आहे, एसडी कार्डवर लिहा, आणि कार्ड कॉम्प्युटरला लावून आत बघा, बोर्ड सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या दोनचार फाइल, सेटिंगची एक कॉन्फिग फाइल आणि रिस्क ओएस नावाची एक इमेज फाइल, अख्खी मूळ सिस्टीम त्या एका फाइलमध्ये आहे. आणि माऊस घेताना चाकाचा घेतला तरी चालेल, चाक दाबलं की तेच मधलं बटण, फक्त ते सहज दाबलं जातंय ना हे दुकानातच बघून घ्या, कारण दिवसभर तेच दाबायचंय.