तुटण्याच्या जरा अलीकडे

मला गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गिटार’ छापलेलं पाहून काही मंडळी गाण्याच्या आशेनं आली असतील. टेबलावर आहे ती गिटार मी केलेली आहे. वाजवणार दुसराच कुणीतरी आहे, पण त्याला अजून पाऊण तास आहे.

माझा धंदा पुलांचा. तीस वर्षं मी पुलांची डिझाइनं केली. पुलावर शंभर टनांचा भार येणार असेल तर पूल नेमका शंभराच्याच हिशोबानं कधीच काढायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. सिमेंट कुणी कमी टाकेल, गाडीवाला दुप्पट माल भरेल, सगळं धरून चालायचं. घरात कपड्यांच्या दोरीचा खिळासुद्धा मी असा ठोकते की भिंत पडेल, खिळा राहील.

निवृत्त झाले आणि मुलीकडे पेनसिल्व्हेनियात काही महिने राहायला गेले. तिच्या गावापासून नाझरेथ अर्ध्या तासावर. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर १८३३ साली न्यूयॉर्कला उतरला आणि काही वर्षांत या नाझरेथला येऊन राहिला. मार्टिन गिटारचा कारखाना आजही तिथंच आहे. त्यामुळे त्या भागात गिटार करणं ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. आपल्याकडे मिरजेत सतारीचं आहे, तसंच. तिथं दर शनिवारी एका तळघरात गिटार करायला शिकवणारा वर्ग भरायचा, माझ्यासकट सहा जणांचा. शिक्षक आधी फर्निचर करायचे. तिकडे शिक्षकांनाही नावानं हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी ‘सर’ म्हणायचे आणि ते दर वेळी मागे कोण उभं आहे ते बघायचे.

पहिल्या दिवशी स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या एका सूचिपर्णी झाडाच्या, दोन पातळ फळ्या हातात आल्या. एकाच ठोकळ्यातून शेजारी-शेजारी कापलेल्या, पुस्तक उघडावं तशा उघडून मधोमध सरसानं चिकटवायच्या. हीच गिटारची तबली. मग ती रंध्यानं तासत आणायची पावणेतीन-तीन मिलिमीटरपर्यंत. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी जाडी. आणि या तबलीवर पोलादी तारा चढणार. सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोंच्या वर जाते. म्हणजे माझ्यापेक्षा जरा जड असलेला एक माणूस त्या फळीला कायमचा लटकून बसणार, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. त्यातून गंमत अशी की तारा जिथं अडकवतात त्या भागाला इंग्रजीत ‘ब्रिज’च म्हणतात. आपण घोडी म्हणतो. तीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेला हा सगळ्यात लहान पूल, आणि त्याचा पाया तीन मिलिमीटरचा!

अर्थात तबली एकटी हा भार घेत नाही. तिच्या पोटातून पट्ट्या चिकटवतात. त्यातल्या मुख्य दोन फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. ही फुलीची रचना मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुळली. तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असायच्या, ओढ बेताची. पुढं विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, तेव्हा तीच फुली तो जास्तीचा भारही पेलू शकते असं दिसलं. मला ही गोष्ट फार आवडते. बैलगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून ट्रक जातात आणि पूल टिकतो, असे काही पूल मी पाहिलेत.

आता माझी फजिती. पट्ट्या चिकटवल्यावर त्या पटाशीनं तासून बारीक करायच्या असतात. मी तासल्या, पण माझ्या हिशोबानं. सर आले, तबली कानाशी धरली, बोटाच्या पेरानं टकटक केली. खाट्‌कन आवाज आला, दारावर वाजवावं तसा. म्हणाले, ‘हिच्यावर ट्रक चालेल. गाणार नाही.’ आणि पटाशी पुन्हा माझ्या हातात दिली.

त्या रात्री मी मुलीच्या डायनिंग टेबलावर आकडे मांडले. फळीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हे आम्ही कॉलेजात शिकतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर कडकपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो. पट्टीची उंची निम्मी केली तर उरतो फक्त आठवा हिस्सा. म्हणजे पटाशीचा एक हात जास्त फिरला की हिशोब कुठल्या कुठं जातो. पण तबली हलली नाही तर हवा हलणार नाही, आणि हवा हलली नाही तर आवाज कसला? तुटण्याच्या जरा अलीकडे थांबायचं, आणि ती जागा कुठल्याही कोष्टकात दिलेली नाही. मी पुढचे दोन शनिवार एकेक ढलपी काढत होते आणि टकटक करत होते. कधीतरी त्या खाट्‌कनच्या मागे एक लांबट घुमारा ऐकू यायला लागला. तो नेमका केव्हा आला ते मला सांगता येणार नाही. माझ्या शेजारचा दंतवैद्य म्हणाला, आता थांब, तेव्हा मी थांबले.

आवाज तबलीतच असतो, हे स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसनं फार नाट्यमय रीतीनं दाखवून दिलं होतं. १८६२ मध्ये त्यानं एक गिटार केली, तबली उत्तम लाकडाची आणि पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. माझ्या गिटारची पाठ आणि बाजू मात्र शिसवाच्या आहेत. १९६९ च्या सुमाराला मार्टिन कंपनीनं ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आपलं हे लाकूड तिकडे नेहमीचं झालंय. दोन मिलिमीटरच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर दाबत वाकवायच्या. वाफ निघाली आणि तळघरात आमच्या सांगलीच्या घरातल्या शिसवी पेटीचा वास पसरला. बाकीचे पाच जण ‘वा, काय वास’ म्हणत होते. मी जरा वेळ बाहेर जाऊन आले.

पडद्यांविषयी, म्हणजे तार जिथं दाबतात तिथल्या आडव्या पट्ट्यांविषयी, एक सांगते. लहानपणी काकांबरोबर तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवून घ्यायला, मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायची. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तिथं वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं दुकानात मांडीवर सतार घेऊन बसलेला कारागीर पडदा अंगठ्यानं केसभर सरकवायचा, ऐकायचा, परत सरकवायचा. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, चुकलं तर हलवता येतात. गिटारला ती सोय नाही. करवतीनं खाच पाडली की पाडली. म्हणून तिथं आकडेमोड लागते. सोळाव्या शतकात विन्चेन्झो गॅलिलेई, म्हणजे आपल्या गॅलिलिओचे वडील, यांनी सोपा नियम सांगितला होता. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा आणि पडदा बसवायचा, असं पुढं पुढं. मी गणित करून पाहिलं. माझी तार ६४५ मिलिमीटरची. बारावा पडदा बरोबर मध्यावर यायला हवा, या नियमानं तो सव्वादोन मिलिमीटरहून जरा जास्तच अलीकडे येतो. आज अठराऐवजी १७.८१७ नं भागतात. पण तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर चढतो, तेव्हा गॅलिलेईंची ती चूक थोडीफार कामालाच यायची. हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल फारच माया वाटली. अंदाज चुकूनही पूल उभा राहिलेला पाहिला की आम्हांला असंच वाटतं.

पॉलिशबिलिशचं सांगत बसत नाही. चपडा लाखेचं आहे, हात दुखतात, एवढंच.

गिटार मी जूनमध्ये इकडे आणली आणि जुलैत पुण्याची हवा तिला लागली. तळघरात सर हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ देत नव्हते, गेला तर त्या दिवशी सरस बंद. इथं तबली फुगली, तारा पडद्यांपासून उचलल्या गेल्या. पुढं या आणि बघा, घोडीच्या मागे तबलीला चांगलं दीड-दोन मिलिमीटरचं पोट आलंय. पुलाचा गाळा असा दिसला असता तर मी त्याच संध्याकाळी वाहतूक बंद केली असती. घाबरून सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं : थोडं पोट हवंच, नसतं तर मी काळजी केली असती.

तर आता आमच्या सोसायटीतला मुलगा वर येतोय, तो वाजवेल. मी खाली पहिल्या रांगेत बसते. वाजवताना तोंड जरा मागे ठेव, असं त्याला मी सांगून ठेवलंय.