मरिनर्सचा २०२५ चा सीझन, आणि ती सातवी इनिंग

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून मी कोणताही व्हिडिओ टाकला, अगदी चकलीच्या भाजणीचा टाकला, तरी खाली एक प्रश्न असतोच. "ताई, मरिनर्सबद्दल कधी बोलणार?" आज बोलते. इतके दिवस बोलवत नव्हतं.

नवीन असाल तर बेसबॉल काय ते पटकन सांगते. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन आउट. बॅटर तीन बेस पार करून घरच्या बेसवर, म्हणजे प्लेटवर, परत आला की एक रन. नियमित सीझनचे १६२ सामने, मग प्लेऑफ. अमेरिकन लीगचा विजेता आणि नॅशनल लीगचा विजेता वर्ल्ड सिरीज खेळतात. एवढं पुरे. बाकीचं बघता बघता कळतं, मलाही तसंच कळलं.

आमचा संघ सिअ‍ॅटल मरिनर्स. १९७७ पासून खेळतोय. मेजर लीगमध्ये, म्हणजे या दोन्ही लीग मिळून, ३० संघ आहेत, आणि त्यांतला हा एकच संघ असा आहे की जो वर्ल्ड सिरीजमध्ये कधी पोचलाच नाही. जिंकला नाही असं नाही म्हणत मी, पोचलाच नाही. २००१ मध्ये ११६ सामने जिंकले, तरी नाही. त्यानंतर २१ वर्षं साधे प्लेऑफसुद्धा नाहीत. तो दुष्काळ संपला ३० सप्टेंबर २०२२ ला, नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या एका मुलाच्या होम रनवर, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे. त्याचं नाव कॅल रॉली. हे नाव धरून ठेवा.

२०२५ हे वर्ष कॅलचं होतं. ६० होम रन! आणि हा कॅचर आहे. इथे मला थांबायलाच हवं, कारण दर वेळी कोणीतरी लिहितं, "कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच ना, धोनी नाही का षटकार मारायचा?" अहो, कॅचर संपूर्ण सामना प्लेटमागे उकिडवा बसलेला असतो. सव्वाशे-दीडशे चेंडू. बॅटची कड घेऊन आलेला चेंडू खांद्यावर, मांडीवर, मास्कवर बसतो. प्रत्येक चेंडूआधी पिचरला काय टाकायचं ते हाच सुचवतो. एवढं करून हातात बॅट घेईपर्यंत पायांत जीव उरत नाही. म्हणून तर कॅचरचा जुना विक्रम ४८ होम रनचा होता, साल्वादोर पेरेझचा, २०२१ चा. कॅल त्याच्या बारा पुढे गेला. शिवाय तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी खेळतो. अशा बॅटर्समध्ये मिकी मँटलचा १९६१ पासूनचा ५४ चा विक्रम होता, तोही गेला. आमच्या संघाचा केन ग्रिफी ज्युनिअरचा ५६ चा, तोही गेला. साठावा होम रन आला २४ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर, आणि त्याच रात्री आम्ही डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा गट, जिंकली. २००१ नंतर पहिल्यांदा.

एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मात्र न्यूयॉर्क यांकीजच्या आरन जजला मिळाला. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन, नाहीतर आज इथेच रात्र होईल.

सप्टेंबरच्या सुरुवातीला संघ अगदी रडतखडत चालला होता. तेव्हा एका चाहत्याने एट्सी या ऑनलाइन बाजारावरून एका चेटकिणीला पैसे देऊन संघासाठी मंत्र टाकायला सांगितलं, आणि संघ लागोपाठ दहा सामने जिंकला. हो, खरंच झालं हे. तुम्ही विचारता, ताई, तुमचा विश्वास आहे का? माझा विश्वास जॉश नेलर आणि युहेनिओ सुआरेझवर आहे. जुलैमध्ये या दोघांना अ‍ॅरिझोनाकडून आणलं आणि कॅलच्या मागेपुढे भरवशाचे बॅटर उभे राहिले. नेलर तर अंगाने जड, धावायला संथ, तरी वर्षभरात ३० बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर धावून गेला. पिचरचा खांदा कधी हलतो हे तो वाचतो. खेळ डोळ्यांनी खेळतात तो असा.

मग प्लेऑफ. डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना, १० ऑक्टोबर. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. ती मटार सोलत बसली, मी टीव्हीसमोर. समोर टारिक स्कूबल, या घडीचा सर्वोत्तम डावखुरा पिचर, त्याने आमचे १३ जण स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केले. सामना २-२ वर अडला तो अडलाच. दहावी इनिंग, अकरावी, बारावी. आई म्हणाली, "अगं, बरोबरीत का नाही सोडवत? दमलीत बिचारी पोरं." मी म्हटलं, आई, यात बरोबरी नसते. "मग उद्या खेळा म्हणावं." मटार कधीच संपले होते, तरी ती उठली नाही. पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलान्कोने उजवीकडे एक सिंगल, म्हणजे एका बेसपुरता फटका, काढला, जे. पी. क्रॉफर्ड घरी आला, ३-२. चार तास अठ्ठावन्न मिनिटं! आईने देवापुढे साखर ठेवली. तिकडे साताऱ्यात शनिवारची सकाळ होती, बाबा पेपर बाजूला ठेवून फोनवर स्कोअर बघत होते.

पुढे टोरांटोविरुद्ध अमेरिकन लीगची अंतिम मालिका. सातपैकी चार जिंकायचे. पहिले दोन टोरांटोत जाऊन जिंकलो, ३-१ आणि १०-३. मग घरी येऊन दोन हरलो. तिसऱ्या सामन्याला मी लेकीला घेऊन गेले होते. १३-४ हरलो. परत येताना ट्रेनमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून एक शब्दही बोलली नाही. पाचव्यात कॅलने बरोबरी साधली आणि त्याच आठव्या इनिंगमध्ये सुआरेझने ग्रँड स्लॅम मारला, चारही जण घरी. त्या रात्री शेजारपाजारचे दिवे बराच वेळ चालू होते. सहावा सामना हरलो, आमच्या बॅटिंगमध्ये तीन डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोघं आउट, आणि क्षेत्ररक्षणात तीन चुका, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आणि सातवा. २० ऑक्टोबर. आमच्याकडे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं, साताऱ्यात दुसऱ्या दिवशी. पूजा आटोपून, लाह्या-बत्तासे वाटून बसलो. आमच्या हुलिओ रॉड्रिगेझचा होम रन, कॅलचा होम रन, आपण ३-१ ने पुढे.

सातवी इनिंग. पिचर ब्रायन वू. पहिल्या बॅटरला वॉक दिला, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून पहिला बेस फुकट दिला, दुसऱ्याने सिंगल काढला. तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच टेकवून, स्वतःचा आउट देऊन दोघांना पुढे सरकवलं. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, एक आउट, आणि समोर जॉर्ज स्प्रिंगर. दोन सामन्यांपूर्वी याच वूचा चेंडू त्याच्या गुडघ्यावर बसला होता, तरी तो खेळत होता. आमचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डॅन विल्सन बाहेर आले आणि त्यांनी एदुआर्द बझार्दोला बोलावलं. आमचा सर्वांत भेदक पिचर आंद्रेस मुन्योझ, ज्याने वर्षभरात ३८ सामने शेवटी येऊन राखले, तो नाही आला. स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. ४-३. आम्ही वर्ल्ड सिरीजपासून आठ आउट दूर होतो.

आता नीट ऐका, कारण यावरच सगळ्यात जास्त वाद चाललाय आणि निम्म्या कमेंट्समध्ये मुद्दा चुकलाय.

तुम्ही लिहिता, "मुन्योझला सातव्यात आणायचं, मग नवव्यात परत आणायचं, त्यात काय?" तसं होत नाही! बुमराह दोन षटकं टाकून सीमारेषेवर जातो आणि एकोणिसाव्याला परत येतो. बेसबॉलमध्ये खेळाडू बदलला की त्या सामन्यापुरता तो संपला. म्हणून मॅनेजरचा हात अडतो. मुन्योझ आत्ता वापरला तर शेवटी कोण? ही भीती खोटी नाही, आणि बझार्दोही कच्चा नव्हता. अशा अवघड जागा त्यानेच निभावल्या होत्या, असं विल्सन नंतर म्हणालेही. ते मला मान्य आहे. तरीही मुन्योझच यायला हवा होता.

का? बेसवर बघा. तिसऱ्यावर धावपटू, एक आउट. साधा उंच झेल गेला तरी एक रन. सिंगल गेला तर दोघं घरी, बरोबरी. म्हणजे बॅटला चेंडू लागणं हेच तुम्हाला परवडत नाही. तुम्हाला स्ट्राइकआउट हवा होता, आणि त्यासाठी अख्ख्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर्समध्ये, मुन्योझच्या स्लायडरपेक्षा, त्या वेगात वळणाऱ्या चेंडूपेक्षा, चांगलं हत्यार नव्हतं.

तरी पटत नसेल तर बॅटिंगची यादी बघा. स्प्रिंगर त्यांचा सलामीचा बॅटर. म्हणजे पाठोपाठ वरची फळी, त्यांचा तगडा बॅटर गुरेरो तिथेच. सामन्यातली सगळ्यात कठीण इनिंग सातवी होती. नववीत तळाची फळीही येऊ शकते. मग मोठं हत्यार कुठे काढायचं? शेवटची इनिंग ही घड्याळावरची शेवटची असते, ती सगळ्यात अवघड असतेच असं नाही.

आणि आता तिसऱ्यांदा सांगते, कारण हेच मला रात्री झोपू देत नाही. मुन्योझची जागा नववी इनिंग, हा वर्षभराचा रिवाज. पण सामना टोरांटोत होता. यजमान संघ पुढे असला तर त्याला नवव्यात बॅटिंग करावीच लागत नाही. म्हणजे ज्या इनिंगसाठी तो राखला जातो, तिचा टोरांटोच्या बॅटिंगचा अर्धा भाग त्या रात्री खेळलाच गेला नाही. नवव्यात आमचे तिघं स्ट्राइकआउट झाले, शेवटचा हुलिओ, आणि खेळ संपला.

दारातली पणती तेवतच होती. आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "त्या पोराला दोष देऊ नका गं." तिचं म्हणणं बझार्दोबद्दल होतं. मी तेच तुम्हाला सांगते. त्याला शिव्या देणाऱ्या कमेंट्स मी काढून टाकल्या आहेत, पुढेही काढीन. त्याला जिथे उभं केलं तिथे तो उभा राहिला. आणि "विल्सनला हाकला" हेही मला मान्य नाही. स्वतः कॅचर होता, १९९५ च्या संघातला, आणि मॅनेजर म्हणून पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये इथवर घेऊन आला. एका रात्रीचा एक निर्णय चुकला असं मी म्हणतेय, माणूस चुकीचा आहे असं नाही म्हणत.

नेलरने पाच वर्षांचा करार केलाय, त्याचा मला फार आनंद आहे. पोलान्को न्यूयॉर्कच्या मेट्स संघाकडे गेला, त्याने आईला फार वाईट वाटलंय. तिला अजून ती पंधरावी इनिंग आठवते.

बरं, कमेंटमध्ये एवढंच लिहा: ३-१, सातवी इनिंग, एक आउट, दुसऱ्या-तिसऱ्यावर धावपटू, समोर स्प्रिंगर. तुम्ही कोणाला बोलावलं असतं, आणि मग शेवटचे तीन आउट कोणाकडून काढले असते? दोन्ही उत्तरं हवीत मला. एक लिहून दुसरं सोडू नका.