चित्रपट लोकांपर्यंत कोण नेतं?

(फिल्म सोसायटीच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय तो ‘फिलिपिन्सच्या स्वतंत्र सिनेमाचं अर्थकारण आणि वितरण’. त्यावर मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, ती बरीच वर्षं मनात साठून राहिली आहे. आपण सोसायटीवाले सिनेमा दिग्दर्शकाच्या नावानं ओळखतो. लिनो ब्रोका म्हणतो, ब्रिलान्ते मेंडोझा म्हणतो, लाव दियाझ म्हणतो. नटाचं नाव विचारलं की आपली गाडी अडते. फिलिपिन्सच्या बाबतीत हा सरळसरळ अन्याय आहे. तिथला स्वतंत्र सिनेमा तगला आणि लोकांपर्यंत पोचला, तो नटनट्यांनी आपलं नाव, आपला चेहरा आणि काही वेळा स्वतःच्या खिशातला पैसा त्यात घातला म्हणून.

मागच्या खेळाला आपण जेफ्री जेतुरियनचा ‘कुब्राडोर’ पाहिला. २००६ चा. मटका म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. (हशा) हुएतेंग हा तिकडचा आकडा. एक ते सदतीस यांतले दोन आकडे लावायचे. कायद्यानं बंदी, आणि चालतो मात्र गल्लोगल्ली. आपली एमी त्या आकड्यांची वसुली करणारी बाई. दारोदार हिंडते, आकडे घेते, आणि त्याच फेरीत वस्तीत कुणी गेलं असेल तर त्याच्या अंत्यविधीसाठी वर्गणीही गोळा करते. स्वतःचा सैनिक मुलगा गेलेला आहे, तो गणवेशात अधूनमधून तिच्या मागेपुढे दिसतो, आणि चित्रपट त्याचा काही बाऊ करत नाही. पोलीस तिला धरून नेतात, तेव्हा चौकीतही आकडा लावणारी माणसं निघतात!

ही एमी झालेली जीना पारेन्यो साठच्या दशकातली नायिका. सांपागिता पिक्चर्स हा तेव्हाचा बडा स्टुडिओ, त्याची ती घडवलेली तारका. तीच बाई चाळीस वर्षांनी केझॉन सिटीच्या खऱ्याखुऱ्या वस्तीत, अंगाला भिंती घासतील अशा बोळांतून चालते आणि कॅमेरा तिच्या पाठीला चिकटून जातो. तिचं चालणं आठवून बघा. दार ठोठावायच्या आधीच तिला ठाऊक असतं की आत कोण आजारी आहे, कुणाकडे आज पैसे नाहीत. हे संवादात कुठे नाही, तिच्या देहबोलीत आहे. २००६ सालीच दिल्लीच्या ओसियान सिनेफॅन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला. आपल्या देशात मिळाला, आणि आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं?

जाता जाता सांगतो, याच हुएतेंगच्या पैशांच्या आरोपांतून प्रकरण पेटलं आणि २००१ च्या जानेवारीत जोसेफ एस्त्रादा यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. एस्त्रादा मूळचे सिनेमातले नायक. गोरगरिबांचा कैवारी ही पडद्यावरची प्रतिमा घेऊनच ते निवडून आले होते. त्या देशात नटाच्या शब्दाला केवढं वजन असतं, ते यावरून लक्षात घ्या. स्वतंत्र सिनेमावाल्यांनी हेच वजन आपल्या कामी लावलं.

आता माझी तक्रार. एका मोठ्या महोत्सवाची गोष्ट आहे, नाव घेत नाही. दरवर्षी जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघते. दिग्दर्शकाचा फोटो असतो, त्याचं चरित्र असतं, छायाचित्रकार, संकलक, ध्वनी, निर्मितीसंस्था, विक्रीचे हक्क असलेल्या कंपनीचा ई-मेलसुद्धा असतो. नटांची नावं मात्र नाहीत. मी कार्यालयात जाऊन विचारलं. टेबलावरची मुलगी फार चांगली होती, म्हणाली, “सर, फॉर्ममध्ये तो रकानाच नाहीये.” मी रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं, जागेअभावी शक्य नाही. ई-मेलला जागा आहे आणि जिच्या चेहऱ्याकडे लोक दोन तास बघत बसणार, तिच्या नावाला नाही. मला याचा मनापासून राग येतो, आजही येतो.

यातून काय घडतं, ते सांगतो. मेंडोझाच्या ‘मा रोसा’च्या खेळानंतर चर्चा चालू होती. एका गृहस्थांनी उठून विचारलं, “ही किराणावाली बाई त्यांना कुठल्या झोपडपट्टीत सापडली?” प्रश्न कौतुकानं विचारलेला होता. पण सभागृहात उत्तर देणारं कुणी नव्हतं! ती जॅकलिन होसे. तीस वर्षं सिनेमात आणि टीव्हीवर काम केलेली, मनिलात घराघरात ओळखली जाणारी नटी. याच भूमिकेसाठी तिला २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आग्नेय आशियातल्या अभिनेत्रीला तो पहिल्यांदाच मिळत होता. पडद्यावर तिची मुलगी झालेली अँडी आयगेनमन ही तिची खरीच मुलगी.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. छोटं किराणा दुकान, त्याच्या आडून थोडी अमली पदार्थांची विक्री, धाड पडते, आणि आईबापांना सोडवायला पोलिसांना द्यायचे पैसे पोरं रात्रभर फिरून उभे करतात. शेवटी रोसा रस्त्यावर उभी राहून काडीला टोचलेले माशाचे गोळे खाते. भूक लागलेली आहे, म्हणून भराभर खाते. समोर एक कुटुंब दिवसाचा धंदा आटोपून गाडी आवरतंय, तिकडे तिचं लक्ष जातं. घास तोंडात आहे, चावणं थांबत नाही, आणि डोळे भरून येतात. रडणं आणि खाणं एकाच जबड्यानं करून दाखवायचं, तेही संवाद न घेता. हे काम वस्तीतून उचलून आणलेल्या माणसाचं नाही. ‘सापडली’ म्हटलं की तिची तीस वर्षांची मेहनत एका शब्दात पुसली जाते. जॅकलिनबाई २०२४ च्या मार्चमध्ये गेल्या.

गरिबी दाखवून परदेशी बक्षिसं मिळवतात, असा आरोप या सिनेमावर होतो. त्याचा समाचार त्यांनी स्वतःच घेतलाय. २०११ चा ‘आंग बाबाए सा सेप्टिक टँक’ जरूर बघा. युजीन डोमिंगो ही तिकडची लाडकी विनोदी नटी स्वतःचीच भूमिका करते. महोत्सवाच्या ध्यासानं पेटलेले तरुण सिनेमावाले तिच्याकडे येतात, आणि ती त्यांना अभिनयाचे तीन प्रकार करून दाखवते. एक ‘एलेव्हेटर’ अभिनय, ज्यात भावना लिफ्टसारख्या खालीवर जातात. दुसरा टीव्हीच्या बातम्यांत आक्रोश करतात तसा. तिसरा ‘ॲज इज, व्हेअर इज’, म्हणजे काहीच करायचं नाही, नुसतं असायचं. थिएटरात लोक हसून लोळतात, आणि हसता हसता स्वतंत्र सिनेमाचे डावपेच त्यांना कळून जातात. ती माणसं युजीनला बघायला आली होती. दिग्दर्शक मार्लन रिव्हेरा हे नाव वाचून नव्हे.

आता नोरा आउनोर. हिच्याशिवाय हा विषय पुढे सरकतच नाही. बिकोल भागातल्या इरिगा स्टेशनवर गाडीतल्या प्रवाशांना पाणी विकणारी मुलगी. गाण्याच्या स्पर्धा जिंकली, रेकॉर्डी खपल्या, बघता बघता ‘सुपरस्टार’ झाली. गोऱ्यापान, युरोपीय वळणाच्या नायिकांची सद्दी होती, तिथे ही सावळी, ठेंगणी मुलगी. लाखो सावळ्या मुलींना पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखं कुणी दिसलं. गाण्यातून मिळालेलं तिनं कशात घातलं? स्वतःच्या एनव्ही प्रॉडक्शन्समध्ये. मारिओ ओहाराचा ‘तात्लाँग ताआँग वालांग दियोस’ हा १९७६ चा, जपानी ताब्यातल्या काळावरचा चित्रपट तिनं काढला. १९८० साली ब्रोकाचा ‘बोना’ काढला.

‘बोना’बद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. बोना ही एका नटाची चाहती. तो नट म्हणजे कोण, तर मारामारीच्या सिनेमातला किरकोळ कामं करणारा, फिलिप साल्वादोरनं उभा केलेला गार्दो. बोना घर सोडून त्याच्या झोपडीत राहायला जाते, त्याचं पाणी भरते, त्याच्या अंघोळीचं पाणी तापवते, त्याच्या बायका सहन करते. शेवटी तेच उकळतं पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. आता बघा, देशातली सर्वांत मोठी तारका, जिच्यासाठी चाहते घरदार विसरत होते, तिनं स्वतःचे पैसे घालून चाहत्याची शोकांतिका काढली आणि चाहतीचं काम स्वतः केलं. आपल्याच चाहत्यांना तिनं आरसा दाखवला, आणि ते बघायला आले ते तिच्यासाठी! २०२४ साली त्याची पुनरुज्जीवित प्रत कानच्या क्लासिक्स विभागात दाखवली गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, नोराबाई गेल्या.

तिची कायमची स्पर्धक विल्मा सांतोस. नोरावाले आणि विल्मावाले अशी तिकडे घराघरात फाळणी. विल्मा पुढे राजकारणात गेली, बातांगास प्रांताची गव्हर्नर झाली. पदावर असतानाच, २०१३ साली, तिनं ‘एक्स्ट्रा’ केला. दिग्दर्शक पुन्हा तेच, ‘कुब्राडोर’वाले जेतुरियन. भूमिका ज्युनिअर आर्टिस्टची. पहाटे गाडीत कोंबून नेलेली, मालिकेच्या सेटवर दिवसभर ताटकळणारी, मुलीच्या फीसाठी अपमान गिळणारी लोइडा. म्हणजे दोघी सम्राज्ञींनी आपल्या व्यवसायाची सगळ्यात खालची पायरी निवडली. एकीनं चाहती, दुसरीनं एक्स्ट्रा. जगात दुसरीकडे असं झालेलं मला तरी आठवत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा छापलेला विषय आता झपाट्यानं.

पैसा. २००५ साली मनिलाच्या कल्चरल सेंटरमध्ये सिनेमालाया महोत्सव सुरू झाला आणि निवडलेल्या पटकथेला पाच लाख पेसोंचं बीजभांडवल मिळू लागलं. एवढ्यात चित्रीकरण कसंबसं व्हायचं, जाहिरातीला काही उरत नसे. तेव्हा पोस्टरवरचा ओळखीचा चेहरा हीच जाहिरात.

थिएटरं. तिथे २५ डिसेंबरपासून साधारण दोन आठवडे मेट्रो मनिला महोत्सवात देशभर फक्त देशी चित्रपट लागतात. हेवा वाटावा अशी सोय. तरी २०१२ साली बाजाऊ या समुद्रावर जगणाऱ्या जमातीतल्या सुइणीवरचा मेंडोझाचा ‘सिनापुपुनान’, ज्यात नोराच नायिका होती, तो लवकर उतरला. नुसता नियम पुरत नाही, हे मराठी सिनेमाच्या प्राइम टाइमच्या नियमानंतर आपल्यालाही कळलंय.

याउलट लाव दियाझ. २०१६ सालचा त्याचा ‘हेले सा हिवागांग हापिस’ आठ तासांचा, कृष्णधवल. त्यात पिओलो पास्क्वाल आणि जॉन लॉइड क्रूझ, दोघेही प्रेमपटांतले लाडके नायक. म्हणून तो मॉलच्या थिएटरांत लागू शकला. त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या त्याच्याच चित्रपटात नायिका चारो सांतोस, म्हणजे एबीएस-सीबीएन या तेव्हाच्या बलाढ्य वाहिनीच्या नुकत्याच पायउतार झालेल्या प्रमुख. आणि उलट दिशेनं कोको मार्टिन. मेंडोझाच्या ‘मासाहिस्ता’, ‘सेर्बिस’, ‘किनाताय’मध्ये घडला आणि २०१५ ते २०२२ टीव्हीवरच्या ‘आंग प्रोबिन्स्यानो’मुळे देशभर पोचला.

शेवटचं उदाहरण ‘हेनेराल लुना’, अमेरिकेशी लढलेल्या फिलिपिनो सेनापतीवरचा चित्रपट, २०१५. दुसऱ्या आठवड्यात थिएटरं भराभर कमी झाली. विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर गलका केला, थिएटरवाल्यांना खेळ परत लावावे लागले, आणि तो वर्षातल्या गाजलेल्या चित्रपटांत गेला. लुना झालेला जॉन आर्सिला नाटकांतून आलेला, तोवर बहुतेक दुय्यम भूमिका करणारा. २०२१ साली व्हेनिसला व्होल्पी कप, म्हणजे तिथला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार, त्याला मिळाला.

वेळ संपली. करसवलतींचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. पुढच्या महिन्यात आपण ‘बोना’ लावतोय. त्याच्या पत्रकाचा मजकूर मी लिहून आणलाय, सचिवांकडे देतो. नोरा आउनोर आणि फिलिप साल्वादोर ही नावं दिग्दर्शकाच्या नावाइतक्याच टायपात छापावीत, एवढी विनंती.