टेबलावर मांडलेलं आभाळ

श्रोतेहो, नमस्कार.

चाळीसगाव म्हटलं की कुणाला रेल्वेचं जंक्शन आठवतं, कुणाला धुळ्याकडे जाणारा फाटा, कुणाला पाटणादेवी. मला आठवतो स्टेशनाजवळचा एक बंगला. छायाचित्रकार केकी मूस यांचा. गावातली जुनी माणसं त्यांना बाबूजी म्हणत.

बाबूजींचं नाव निघालं की आधी पंजाब मेलची गोष्ट निघते. त्यांची प्रेयसी त्या गाडीने येणार होती, म्हणून हे रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडून वाट बघत, अशी. आपल्या खान्देशात ही गोष्ट किती जणांनी किती जणांना सांगितली असेल! ऐकताना जीव हळहळतो, खरंच. पण गोष्ट संपली की माणसं उठतात आणि फोटो बघायचे राहूनच जातात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज वाट बघणाऱ्या बाबूजींना जरा बाजूला ठेवू आणि काम करणाऱ्या बाबूजींकडे बघू.

जन्म 1912 चा, मुंबईतल्या पारशी घराण्यातला. पुढे ते इंग्लंडला गेले, शेफिल्डच्या बेनेट कॉलेजातून कमर्शियल आर्ट शिकले आणि 1938 मध्ये परत आले. घर चाळीसगावला होतं, तेही तिथेच राहिले. त्यानंतर 31 डिसेंबर 1989 ला देह ठेवेपर्यंत, म्हणजे पन्नासेक वर्षं, ते घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत. चित्रं काढली, लाकडात काम केलं, मूर्ती घडवल्या, कागदाच्या घड्यांतून आकार काढले. नाव झालं ते मात्र फोटोंमुळे.

या घडणीतला कमर्शियल आर्टचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीचं चित्र करणारा माणूस समोर जे आहे तेवढ्यावर भागवत नाही. कुठली वस्तू कुठे ठेवायची, नजर आधी कुठे गेली पाहिजे, रिकामी जागा किती सोडायची, हे सगळं तो ठरवतो. ही मांडणीची शिस्त बाबूजींच्या हातात आधीपासून होती. आणि डोळ्यांत होता रेम्ब्रां, सतराव्या शतकातला डच चित्रकार. बाबूजींची त्याच्यावर एवढी भक्ती की बंगल्याला त्यांनी ‘रेम्ब्रान्ट्स रिट्रीट’ असं नाव दिलं.

रेम्ब्रांच्या चित्रात उजेड बहुतेक वेळा एकाच बाजूने येतो. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते आणि त्या अंधारातल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटासा त्रिकोण उरतो. फोटो स्टुडिओत आजही अशा प्रकाशयोजनेला रेम्ब्रांचंच नाव आहे. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती त्या तिरप्या उजेडात उठून येते. समोरून फ्लॅश मारला की तीच सुरकुती पुसली जाते.

आता बाबूजींची खासियत, टेबलटॉप फोटोग्राफी. बाहेर जायचं नाही, मग बाहेरचं जग टेबलावर उभं करायचं. यात वाळकी काटकी झाड होते, दगडाचा कपचा डोंगर होतो, मागे पडदा लावला की आभाळ. ऐकायला मुलांचा खेळ वाटतो, पण करून बघा. पहिली अडचण मापाची. काटकीची जाडी आणि दगडाचा खडबडीतपणा एकमेकांना शोभला नाही, तर डोळा लगेच ओळखतो. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. इतक्या जवळून पुढची वस्तू स्पष्ट आली की मागची धूसर होते, आणि धूसर डोंगर पाहिला की खेळणं आहे हे कळतंच. म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं. छिद्र बारीक केलं की उजेड कमी, मग शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात काही हललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि सूर्य एकच असतो, म्हणून सावल्या सगळ्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत.

हे काम त्यांनी रोलच्या जमान्यात केलं. फोटो कसा आला हे डार्करूममधून बाहेर आल्यावर कळायचं. देशोदेशींच्या प्रदर्शनांत त्यांना बक्षिसं मिळाली ती अशा चिकाटीवर. एकांतामुळे माणूस कलावंत होतो असं आपण फार सहज म्हणून जातो. बाबूजींचा एकांत कामाने गच्च भरलेला होता, असं मला वाटतं.

आमच्या शेजारच्या एका मुलीला मी हे सांगितलं. तिने शेतातून पऱ्हाटीची वाळकी काडी आणली, परातीत माती पसरली, काडी रोवली आणि खोलीतले दिवे बंद करून बॅटरी अगदी खाली, जमिनीलगत धरली. मोबाइलमध्ये लांबच लांब सावली टाकणारं एक बोडकं झाड आलं. बॅटरी जराशी वर उचलली तशी सावली आखडली आणि झाडाची पुन्हा काडी झाली.

बाबूजींच्या बंगल्यात आता कलादालन आहे. चाळीसगावला उतरलात तर मुलांना घेऊन जरूर जा. त्यांना पंजाब मेलची गोष्ट सांगा, अवश्य सांगा. मग एकेका फोटोपुढे उभं करून विचारा, यात दिवा कुठे ठेवला असेल?

नमस्कार.