वडूजचे चार रुपये

मंडळी, आज मी एका वहीबद्दल बोलणार आहे. तळहातावर मावेल एवढी, काळ्या पुठ्ठ्याची. कोरेगाव तालुक्यातल्या एका घराचं माळवद उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत ती सापडली. वर कांबळं, खाली पेन्शनचे कागद आणि मधे ही वही. घरच्यांनी मला बोलावलं, कारण मला मोडी वाचता येतं.

वही ज्यांची, ते आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात ही बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत लढली. वहीत तीन लिप्या आहेत. गावाकडच्या गोष्टी मोडीत, देवाची नावं बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, आणि पलटणीचे शब्द रोमनमध्ये. त्या काळी फौजेत हिंदुस्थानी रोमन अक्षरांत शिकवत, परीक्षाही तशाच घेत. एकाच पानावर माणूस तीनदा हात बदलतो. तो कधी शिपाई आहे, कधी घरचा, हे नुसत्या अक्षरावरून कळतं.

लिहिलंय कॉपिंग पेन्सिलीनं, म्हणजे जिभेला लावून लिहायची ती. हिचं शिसं पाणी लागलं की जांभळं होतं. चिकटलेली पानं सुटावीत म्हणून घरातल्या कोणीतरी ओला बोळा फिरवला आणि चार पानं जांभळ्या डागात कायमची बुडाली. त्यांनी ते मायेनंच केलं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, असं काही सापडलं तर आधी जसं आहे तसे फोटो काढा. पानांचा क्रम मोडू नका. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते नंतर निघत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमट होतं, बुरशी धरते. आपल्या जुन्या लोकांची रीत चांगली होती. धुतलेल्या सुती रुमालात बांधायचं, शेजारी वेखंड ठेवायचं आणि अधूनमधून सावलीत उघडून बघायचं.

आता आत काय आहे ते. 9 एप्रिल 1945 हा दिवस मी आधी शोधला. त्या दिवशी सेनिओ नदीच्या उंच बांधावर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदार वाचवले, मग मशीनगनचे मोर्चे मोडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला. मला वाटलं, इथे पानंच्या पानं असतील. आहेत तीन ओळी. नदी ओलांडली. चहा रात्री आला. आणि ‘वडूजचा गेला.’

नाव नाही. आधीच्या पानांवरही तो ‘वडूजचा’ एवढाच आहे. त्याच्याकडून साबण घेतला, त्यानं घरचं पत्र वाचून दाखवलं, त्याच्याकडून चार रुपये उसने घेतले.

माझी चूक इथेच सांगतो. वहीची मागची अर्धी पानं हिशेबाची होती. दूध, पेंड, बैलाची नाल. ‘लढाईनंतरचा घरगुती हिशेब’ असा शेरा मारून मी ती लिप्यंतरातून वगळली होती. दोन वर्षांनी त्या घरच्या सूनबाईंनी विचारलं, ‘‘गुरुजी, मागची पानं वाचली नाहीत का? ती पण मामंजींच्याच हातची हाईत की.’’ मी ओशाळलो आणि वाचायला बसलो.

1946 च्या पानावर, पेंडीच्या खाली, मोडीत आहे: मोटारभाडे वडूज. त्याच्याखाली, म्हातारीस पोच, चार रुपये. त्याच्याखाली पुन्हा दुधाचा रतीब.

आपल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच तिच्यावर असतं. नुसते आकडे. नाव कुणाचंच नाही. इटलीतल्या फोर्ली इथे निदान नावं कोरली आहेत. ज्यांना अग्नी दिला त्यांचं वेगळं स्मारक आहे, ज्यांना पुरलं त्यांच्या कबरी आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत काही जवानांच्या पुढे वडिलांचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं. तिथली मराठा पलटणीची नावं मी आता एकेक करून उतरवून घेतोय.

खटाव तालुक्यातून आज बरीच मंडळी आलेली दिसतात. वडूजच्या एखाद्या घरात असं सांगत असतील, की आमचा एक इटलीत गेला आणि लढाई संपल्यावर कोरेगावकडचा एक शिपाई आजीला पैसे द्यायला आला होता. कुणी ऐकलं असेल तर कार्यक्रमानंतर थांबा. वही मी सोबत आणली आहे.