आधी बर्फ, मग हॉटेल

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "मुलांना पहिल्यांदाच स्कीइंगला न्यायचंय. हॉटेल तर बुक केलंय, आता डोंगर कुठला घेऊ?" आजचं सगळं बोलणं त्यांच्या या एका वाक्यावरच आहे. क्रम उलटा झालाय. आधी लगीन कोंढाण्याचं. इथे कोंढाणा म्हणजे बर्फ.

अमेरिकेत 1982-83 च्या हंगामात 735 स्की एरिया, म्हणजे स्कीइंगसाठी लिफ्टची सोय असलेले डोंगर, चालू होते. आज 500 सुद्धा उरलेले नाहीत. बंद पडले ते बहुतेक लहान, घरगुती. जे टिकले त्यांतले काही मोठ्या कंपन्यांनी घेतले, आणि बाकीचे आहेत आपल्या आजच्या विषयातले : कुणा कुटुंबाचे, गावाचे किंवा सहकारी संस्थेचे. मोठ्या रिसॉर्टवर ऐन हंगामात एका दिवसाच्या तिकिटाला 300 डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. लहान ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. पण लहान ठिकाणाकडे पैशांची उशी नसते, आणि तुमच्या सहलीचं गणित तिथेच बदलतं.

म्हणजे काय, तर बर्फ पाडायची यंत्रं. मोठ्या ठिकाणी ती बऱ्याच उतारांवर असतात. लहान ठिकाणी दोन-चार उतारांवर, कुठे अजिबातच नसतात. आणि असली तरी थंडी पडली की बर्फ तयार, इतकं ते सोपं नाही. यंत्र पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतं, ते खाली पडेपर्यंत गोठायला हवेत. माठातलं पाणी का गार होतं? थोडं पाणी झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. या थेंबांचंही तेच. म्हणून नुसतं तापमान बघून चालत नाही, हवा किती कोरडी आहे तेही बघावं लागतं. ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक जे दाखवेल ते, म्हणजे वेट बल्ब तापमान, साधारण उणे 2 अंशांच्या खाली गेलं की काम सुरू होतं. हवा कोरडी असेल तर शून्य अंशालाही बर्फ पडतो. धुकं असेल तर उणे 1 ला नुसतं पाणी. तेव्हा डिसेंबरात "आठवडाभर दमट हवा" असा अंदाज दिसला, तर लहान डोंगराचा बेत पुढे ढकला. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

बर्फाचा रोजचा अहवाल वाचतानाही थोडं चतुर व्हा. "18 ते 40 इंच" लिहिलं असेल तर 18 धरा. किती उतार खुले आहेत यापेक्षा कुठली लिफ्ट चालू आहे ते पाहा. लहान ठिकाणी वर नेणारी लिफ्ट बरेचदा एकच असते, आणि वारा सुटला की तीही थांबते. मी एकदा तीन तास गाडी चालवून गेलो, तर फाटकावर पाटी : "सोमवार ते गुरुवार बंद". चूक माझीच, अशी बरीच ठिकाणं शुक्रवार ते रविवारच चालतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. निघण्यापूर्वी एक फोन करा. उचलणारा माणूस बहुधा सकाळी स्वतः डोंगरावर जाऊन आलेला असतो.

उतारांच्या खुणांबद्दल एक. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. पण ही तुलना त्या-त्या डोंगरापुरतीच असते. एका ठिकाणचा निळा दुसरीकडे काळा निघू शकतो.

कपड्यांबद्दल फार बोलत नाही. सुती काही नको, आणि बुटात मोजे एकच जोडी. दोन घातले की पाय गार पडतात, उलट. भाड्याचे बूट लहान ठिकाणी मोजकेच असतात, तेव्हा मापं आधी कळवून ठेवा.

पाहायलाच हवीत अशी दोन ठिकाणं सांगतो, दोन्ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. कॉक्रन्स हे रिचमंड गावातलं. मिकी कॉक्रन यांनी 1961 मध्ये घरामागच्या टेकडीवर दोराची लिफ्ट बसवली, म्हणजे फिरता दोर धरून वर जायचं. उंची सुमारे 350 फूट, खुर्चीची लिफ्ट नाहीच. याच टेकडीवर शिकलेल्या त्यांच्या मुलीनं, बार्बरानं, 1972 मध्ये सापोरोच्या हिवाळी ऑलिंपिकला स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरायच्या शर्यतीत, सुवर्ण जिंकलं, आणि मिकींच्या नातवानं 2022 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला रौप्य. नवशिक्या मुलांसाठी मला याहून योग्य जागा सुचत नाही.

दुसरं मॅड रिव्हर ग्लेन. 1995 पासून ते स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेचं आहे. आपल्याला साखर कारखान्यांमुळे हा प्रकार चटकन कळतो. तिथली 1948 ची लिफ्ट एका खुर्चीत एकच माणूस नेते. 2007 मध्ये ती नव्यानं उभारायची वेळ आली, तेव्हा सभासदांनी एकट्याचीच खुर्ची ठेवली. वर कमी माणसं गेली की बर्फ कमी खरवडला जातो, हे त्यामागचं शहाणपण. तिथे भिस्त मुख्यतः आभाळातून पडणाऱ्या बर्फावर, म्हणून फेब्रुवारीच्या आधी मी तिकडचा बेत आखत नाही.

आणि ताई, धाकट्याला स्नोबोर्डच हवाय म्हणालात ना? मग मॅड रिव्हर ग्लेनचं नाव घरी काढू नका. तिथे स्नोबोर्डला बंदी आहे.